आमच्या साडूंच्या पिवळ्या चौकटी

पृथ्वी घडवताना देवाने आमच्या साडूंना बोलावून घेतलं असतं, तर ती ध्रुवांपाशी अशी चपटी राहिली नसती. साडूंनी कमरेचा टेप काढला असता, एकदा आडवा आणि एकदा उभा धरला असता, आणि "देवा, फरक येतोय बग, परत एकदा फिरवून घे," असं सांगून माल माघारी पाठवला असता. देवाने घाई आहे म्हणून गयावया केली असती तर त्यालाही बसवून चहा पाजला असता, पण पास म्हणून शिक्का मारला नसता. हे मी फुगवून सांगतोय असं ज्यांना वाटत असेल त्यांनी आमच्या निगडीच्या फ्लॅटच्या बिल्डरला विचारावं. ताबा घेण्याच्या दिवशी मी पेढ्याचा पुडा घेऊन गेलो होतो आणि साडू टेप घेऊन आले होते. तासाभराने बिल्डर भिंतीला टेकून उभा होता आणि साडू त्याला बाल्कनी किती बोटं कमी भरली ते समजावून सांगत होते. पेढे तसेच राहिले. तो बिल्डर अजूनही मला रस्त्यात दिसला की आधी माझ्या मागे कोण आहे ते पाहतो आणि मगच नमस्कार करतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो, ते मला साडूभाऊ म्हणतात. तरुणपणी लातूरकडून पिंपरीला आले, एका कंपनीत आधी कंत्राटी कामगार म्हणून लागले, पुढे कायम झाले आणि निवृत्त होईपर्यंत क्वालिटी खात्यात तपासनीस होते. दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूत खोट काढण्याचा ज्याला आयुष्यभर पगार मिळाला, त्याला ती सवय गेटवर जमा करून घरी येता येत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, करंज्या केल्या. साडूंनी त्या ताटात ओळीने मांडल्या आणि त्यातल्या काही "रिजेक्ट" म्हणून बाजूला काढल्या. त्यानंतर भाऊबीजेपर्यंत ताईंनी घरात जे मौन पाळलं त्याबद्दल साडू आजही आदराने बोलतात. बाजूला काढलेल्या करंज्या मात्र त्यांनी कुणाला दिल्या नाहीत, सगळ्या स्वतः खाल्ल्या, हे ताई सांगतात आणि सांगताना हसतात.

कंपनीतून निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन येतात, गणपतीची मूर्ती घेऊन येतात. आमचे साडू पिवळी रेघ घेऊन आले. आपल्याकडच्या कोणत्याही कारखान्यात पाऊल टाकलं की जमिनीवर पिवळ्या रंगाच्या रेघा दिसतात. माणसांनी इथून चालायचं, ट्रॉली इथे उभी करायची, कचऱ्याचा डबा या चौकटीत ठेवायचा, असं सगळं आखलेलं असतं. साडूंना हा जगण्याचा सर्वांत शहाणा प्रकार वाटतो. चिखलीतल्या त्यांच्या घरी चपलांना चौकटी आहेत, कुंड्यांना चौकटी आहेत, गॅसच्या रिकाम्या सिलिंडरला एक आणि भरलेल्याला एक अशा दोन चौकटी आहेत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मात्र ताईंनी त्यांना रंगाच्या डब्यासकट अडवलं. "या उंबऱ्याच्या आत एक थेंब पडला तर उद्यापासून भाकरी तुम्हीच मोजून थापा," असं त्या म्हणाल्या, म्हणून ती एक खोली स्वतंत्र राहिली आहे.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत माझ्या खुर्चीच्या चार पायांनाही चार खुणा आहेत. एकदा उन्हाळ्यात मी ती खुर्ची सहज पंख्याखाली ओढून घेतली. साडू माझ्याशी त्यांच्या जावयाच्या नोकरीबद्दल बोलत होते, पण डोळे खुर्चीच्या पायाशी होते. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "साडूभाऊ, पयल्या जागी हवा लागत न्हाई का?" मी म्हटलं, नाही लागत. पुढच्या वेळी गेलो तर जुन्या खुणा घासून काढलेल्या होत्या आणि नव्या चार खुणा बरोबर पंख्याखाली मारलेल्या होत्या. माणूस रेघ हवी तिथे हलवून देईल, पण रेघेबाहेर कुणाला राहू देणार नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

निवृत्तीनंतर त्यांनी चिखलीतच एक लहानसं वर्कशॉप सुरू केलं. चाकणच्या मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्या लहान कंपन्या असतात, त्यांना माल देणारे आणखी लहान कारखाने असतात, आणि त्यांच्या सुट्या भागांना भोकं पाडून देणारे आमचे साडू असतात. दोन यंत्रं, दोन कामगार आणि वर पत्रा. वर्कशॉपसमोर थोडी मोकळी जागा आणि एक कडुनिंब होता. त्या गल्लीत असे कितीतरी कारखाने आहेत. दुपारी त्यांचे पत्रे असे तापतात की आत डबा खाणं म्हणजे तव्यावर बसून भाकरी खाण्यासारखं. माणसं बाहेर येऊन कुठल्या तरी भिंतीच्या पायाशी, कुठल्या तरी टेम्पोच्या सावलीला बसायची आणि टेम्पो निघाला की डबा उचलून उठायची. साडूंनी हे काही दिवस पाहिलं आणि कडुनिंबाला लागून समोरच्या जागेवर पत्र्याची शेड टाकली. निंबाच्या सावलीमुळे तो पत्रा तापत नाही. दोन माठ ठेवले, हात धुवायला नळ घेतला आणि गल्लीत सांगून टाकलं की जेवायला इथे या.

इतपत कुणीही भल्या माणसाने केलं असतं. पण साडूंनी पुढच्याच रविवारी रंगाचा डबा आणला. फरशीवर ओळीने चौकटी आखल्या, एका माणसाची मांडी आणि एक डबा मावेल एवढी एकेक. प्रत्येक चौकटीला नंबर दिला. "भरलेले डबे" आणि "रिकामे डबे" अशा दोन फळ्या ठोकल्या. नळाकडे बाण काढून "हात धुणे" लिहिलं. एक चौकट "पाहुणे" म्हणून राखून ठेवली आणि दर्शनी बाजूला पेंटरकडून सुबक अक्षरांत फलक लावला: "भोजन विभाग". त्या फलकाने पुढे काय रामायण होणार आहे हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मी तर त्या अक्षरांचं कौतुक केलं होतं.

मग महापालिकेने मालमत्तांची नव्याने पाहणी सुरू केली. एका भर दुपारी हातात टॅब घेतलेली एक मुलगी गल्लीत आली. उन्हाने तिचा चेहरा लालबुंद झाला होता. ती साडूंच्या शेडशी पोचली तेव्हा सगळी पंगत बसलेली होती. आमच्या साडूंच्या मुलखात जेवणाच्या वेळी दारात आलेल्याला काम विचारत नाहीत, आधी हात धुवायला पाणी देतात. त्यांनी तिला "पाहुणे"च्या चौकटीत बसवलं आणि आपल्या डब्यातली ज्वारीची भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी तिच्यापुढे ठेवली. ती जेवली, पाणी प्यायली, मग तिने सगळं मोजलं, फोटो काढले आणि आभार मानून गेली. टेपचं दुसरं टोक धरायला साडू हौसेने पुढे झाले होते, पण तिच्याकडे लाल दिव्याचं मोजायचं यंत्र होतं. त्या यंत्रावर त्यांचा विश्वास बसला नाही, तरी पोरगी कष्टाळू आहे असा शेरा त्यांनी दिला.

काही महिन्यांनी नोटीस आली. वर्कशॉप औद्योगिक म्हणून नोंदलेलं होतं, ते ठीक. पण पुढच्या शेडच्या वापरासमोर लिहिलं होतं: उपाहारगृह. आणि त्या वापराला लागतो तसा व्यापारी दराने तिचा कर धरला होता. सावलीचा कर कारखान्याच्या वर गेला होता. भोकं पाडून मिळणाऱ्या मजुरीतून तो दरवर्षी भरणं शक्यच नव्हतं. हरकत घ्यायची मुदत दिली होती. हरकत फेटाळली गेली असती तर शेड उतरवावी लागणार होती आणि गल्लीतली सगळी माणसं पुन्हा टेम्पोच्या सावलीला जाणार होती.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत होतो. अन्याय झाला की मी एक झोप काढतो आणि उठल्यावर तो तितकासा राहिलेला नसतो. तेव्हा मी साडूंना माझ्या परीने शहाणपणाचा सल्ला दिला. "दाजी, फलक काढून टाका, चौकटी पुसा, मोकळ्या शेडचा फोटो काढा आणि अर्जाला जोडा. पाहणीला कुणी आलं तर त्या दिवशी लोकांना येऊ नका म्हणा."

"साडूभाऊ, हे हाटेल न्हाई, हे खरं हाय का न्हाई?"

"खरं आहे की."

"मंग खरं सांगायला लपवायचं कशाला?"

त्यांनी माझ्या हातात टेपचं टोक दिलं आणि आम्ही शेड मोजायला लागलो. टेपचं टोक धरणं हे सोपं काम आहे असा माझा समज होता. "ताणा. इतका न्हाई. भिंतीला टेकवा. बोट काढा. साडूभाऊ, बोट मापात धरायचं नसतं," असं ऐकत ऐकत माझी दुपार गेली. शेवटी आकडा निघाला आणि साडूंच्या कपाळाला आठी पडली. नोटिशीत शेडची रुंदी प्रत्यक्षापेक्षा हातभर कमी लिहिलेली होती. मी मनात म्हटलं, देव पावला, ही गोष्ट आता या शेडबाहेर जायला नको. साडू म्हणाले, "हेबी अर्जात घालावं लागंल."

सुनावणीला मला बरोबर नेलं, कारण मला अर्जातली भाषा कळते असा त्यांचा गैरसमज आहे. विभागीय कार्यालयातल्या अधिकारी मध्यमवयीन बाई होत्या. सकाळपासून गाऱ्हाणी ऐकून दमलेल्या होत्या, तरी आवाज चढलेला नव्हता. साडूंना सगळ्यात आधी तेच आवडलं. बाईंनी विचारलं, "तुमची हरकत काय आहे?"

"दोन हायेत, मॅडम. आमचं हाटेल न्हाई, ही एक. आन् तुमी रुंदी चुकीची लावलीय, ही दुसरी."

"जास्त लावली आहे का?"

"कमी लावलीय."

त्यांचा पेन थांबला. "काका, रुंदी वाढली तर कर वाढेल."

"वाढू द्या. माप बरोबर पायजे."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "हे तुमचे कोण?"

"साडू," मी म्हणालो. हे नातं माणूस निवडून घेत नाही, एवढं तरी माझ्या आवाजातून त्यांना कळावं अशी माझी इच्छा होती. त्या म्हणाल्या की त्यांच्यापुढे येणाऱ्या प्रत्येकाची जागा नोटिशीपेक्षा लहान असते, मोठी जागा घेऊन आलेले हे पहिलेच. मग त्यांनी फाइलमधला फोटो आमच्यासमोर ठेवला. फलक, फळ्या, बाण, नंबर, चौकटीत बसून जेवणारी माणसं. तो फोटो पाहून मलाही भूक लागली. "हे हॉटेल नाही, तर काय आहे?"

"सावली हाय."

"सावलीला नंबर कशाला लागतात?"

प्रत्येक रेघेचं कारण तोंडपाठ असलेला हा माणूस, पण त्या क्षणी त्यांनी तो फोटो मॅडमकडे परत सरकवला. एवढंच म्हणाले, "तुमी येऊन बगा."

"आम्ही सांगून येत नाही."

"नका सांगू. पन एकच्या सुमाराला या. तवा समदे असतेत."

मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. साडूंनी खाली वाकून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "साडूभाऊ, तुमचा पाय."

ते दिवस माझे काळजीत गेले. साडूंनी फलकावरची धूळ पुसली, एवढीच त्यांची तयारी. कॉलेजच्या सुट्टीत मी रोज दुपारी निगडीहून तिकडे जाऊन बसू लागलो. आपण तिथे असलो तर काही तरी सावरून घेऊ असं मला वाटायचं. अशाच एका दिवशी डबे उघडत असताना मॅडम आल्या. बरोबर ती टॅबवाली मुलगीही होती. कुणी उठू लागलं तसं मॅडमनी हाताने बसा म्हणून खुणावलं आणि पहिल्या ओळीत बसलेल्या शेजारच्या शेडमधल्या वेल्डरला विचारलं, "काय हो, इथे थाळी काय भाव मिळते?"

"थाळी घरून आनायची, मॅडम," तो घास गिळून म्हणाला. "हितं फकस्त जागा भेटती. आन् रस्सा रेघंभाईर सांडला तर बोलनी भेटत्यात, ती फुकट."

सगळे हसले. ती मुलगी मात्र कावरीबावरी झाली. "मॅडम, मी जेवणाचे पैसे देत होते, काकांनी घेतले नाहीत. मला वाटलं, महापालिकेची माणसं म्हणून हॉटेलवाले घेत नाहीत, तसं असेल." साडूंनी तिला सांगितलं की तिची काही चूक नाही, फलकावर "डबा घरून आणावा" असं लिहायला हवं होतं, ती त्यांची चूक. मॅडम चौकटींमधून चालत गेल्या. रेघेवर पाय पडू नये म्हणून त्या जपून चालताहेत हे माझ्या लक्षात आलं. मग त्यांनी कार्यालयातला प्रश्न पुन्हा विचारला. नंबर कशाला?

साडूंनी टोपी काढून हातात घेतली. "कंपनीत कंत्राटी व्हतो, तवा कॅन्टीनमदी आमाला बसू देत नव्हते. भिंतीच्या कडंला बसायचो. वॉचमन यायचा, उठ म्हनायचा. पुढं सरकायचो. तिथूनबी कुनीतरी उठवायचं. एकेक भाकर तीन-तीन जागी बसून खाल्लीय, मॅडम. मंग आत शॉपमदी बगायचो, तर कचऱ्याच्या डब्याला चौकट असायची. त्याला कुनी हलवत नव्हतं." थोडं थांबून म्हणाले, "जागा आखली, नंबर टाकला, की मान्साला कुनी उठवत न्हाई."

वेल्डर भाकरीचा तुकडा हातात धरून बसला होता. इतक्या वर्षांत हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. ताईंनाही नाही, हे मला नंतर कळलं. ज्या रेघांची आमच्या दोन्ही घरांत चेष्टा व्हायची त्यांच्याच आत मी तेव्हा बसलेलो होतो.

मॅडमनी काही भाष्य केलं नाही. "रुंदी मोजून घेऊ," एवढंच म्हणाल्या आणि टेपचं दुसरं टोक स्वतः धरलं. साडूंचा चेहरा उजळला. टेप कसा धरावा हे न सांगता कळणारं माणूस त्यांना फार दिवसांनी भेटलं होतं. आकडा साडूंचाच बरोबर निघाला. त्यांनी मॅडमना पाहुण्यांच्या चौकटीत बसून भाकरी खाण्याचा आग्रह केला, पण निकाल लागेपर्यंत इथलं पाणीही घेता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. दुसऱ्या कुणाला हे लागलं असतं. साडूंनी मात्र त्या गेल्यावर मला चार वेळा ऐकवलं, "ह्येला म्हनतेत तपासनीस."

निकाल आला. उपाहारगृह खोडलं गेलं, शेड वर्कशॉपला जोडून कामगारांच्या सावलीची म्हणून औद्योगिक दरात धरली गेली आणि रुंदी साडूंच्या मापाप्रमाणे वाढवली गेली. त्या संध्याकाळी साडूंनी गल्लीभर पेढे वाटले. लोकांना वाटलं, कर उतरला म्हणून. पूर्वीपेक्षा थोडा जास्तच भरावा लागणार होता, पण परवडेल इतका. पेढा हातावर ठेवताना साडू प्रत्येकाला सांगत होते की महापालिकेने रुंदी दुरुस्त केली. शेड राहिली याचा त्यांना आनंद झाला होता की माप बरोबर झालं याचा, हे मी विचारलं नाही. दोन्हीचा झाला असावा.

आता मीही निवृत्त झालो आहे. आठवड्यातून एक-दोनदा निगडीहून डबा घेऊन तिकडे जातो. मला तिथे माझी चौकट आहे. चौकटी दरवर्षी खंडेनवमीला, यंत्रांची पूजा झाली की, नव्याने रंगवल्या जातात आणि ते काम साडू दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. यंदा त्यांनी माझी चौकट शेवटी घेतली. गुडघे टेकून बसले, हातात ब्रश घेतला, आणि मी पाहिलं की त्यांचा हात थरथरतो आहे. एक रेघ मधेच बाहेर गेली आणि परत आत आली. साडू मागे सरकले, कमरेचा टेप काढला, रेघेवर धरला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. आता पुसून काढतील म्हणून मी फडकं आणायला निघालो.

"राहू द्या, साडूभाऊ," ते म्हणाले. "बसनाऱ्याला काय फरक पडतोय."

त्यांनी टेप कमरेला लावला आणि उठायला माझा हात मागितला. आयुष्यात त्यांनी माझ्यासमोर पास केलेली ही पहिली वाकडी वस्तू होती. रंग वाळल्यावर मी डबा घेऊन माझ्या जागेवर बसलो. ते शेजारच्या चौकटीत बसले आणि त्यांनी पिठल्याची वाटी माझ्याकडे सरकवली. त्या वाकड्या रेघेच्या आत मी नीट मावत होतो, आणि तिथून मला कुणी उठवणार नव्हतं. तरी ती रेघ सरळ आली असती तर किती बरं झालं असतं, असं जेवण संपेपर्यंत मला वाटत राहिलं.